ऊठ मोठी माय, पूर उना!

बालमित्रांनो, उद्याच्या मोबाइलमध्ये काय काय हवं, असं विचारलं की तुम्ही म्हणणार, झकास कॅमेरा, भरपूर खेळ! मला मात्र चाळीसगावचा पूर आठवतो.

३० ऑगस्ट २०२१ च्या रात्री धो धो पाऊस पडला. ३१ तारखेला तितूर आणि डोंगरी या नद्यांना पूर आला. घरांत, दुकानांत पाणी शिरलं. कितीतरी गुरं वाहून गेली. तिकडे कन्नड घाटात दरड कोसळून रस्ता बंद! घरोघरी मोबाइल होते हो. पण झोपलेल्याला जागं कोण करणार?

यावर एक युक्ती आहे, ‘सेल ब्रॉडकास्ट’. एकेका नंबरला निरोप पाठवायचा, तर वेळ जातो आणि गर्दी होते. इथे टॉवर दवंडीवाल्यासारखा एकदाच ओरडतो, अन् त्याच्या टापूतले फोन एकदम ऐकतात. कुणाचा नंबर माहीत असायला नको! २०२३ साली आपल्या देशात याच्या चाचण्या झाल्या. तेव्हा फोन कसे कर्कश वाजले, आठवतं?

आता माझी मागणी ऐका. ज्या आजीला वाचता येत नाही, तिच्या साध्या बटणांच्या फोननंही तिच्याच अहिराणीत हाक मारावी, “ऊठ मोठी माय, नदीले पूर उना!” आणि गावाची वीज गेली, तरी टॉवर बोलत राहावा.

तोवर काय करायचं? फोन तसा वाजला, तर नुसता बंद करू नका. निरोप वाचा आणि शेजारच्या आजीलाही मोठ्यानं वाचून दाखवा.

तुमची मागणी काय? कळवा बरं!