गोठ्यातली पोथी
केल्टिक गाठींची नक्षी जॉर्ज बेन या स्कॉटिश कलाशिक्षकाने १९५१ साली पुस्तकात रीतसर उलगडून दाखवली. तेव्हापासून कुणीही हौशी माणूस ती घरबसल्या शिकू शकतो. आमच्या सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या चित्रकथीला मात्र पुस्तक पुरायचं नाही. पाठीला पाठ चिकटवलेली चित्रं एकेक करून पुढे धरायची, साथीला तुणतुणं, हुडुक, आणि तोंडाने रामायणातलं आख्यान. नुसतं चित्र म्हणजे अर्धीच कला! इथले चित्रकथी कलावंत परशुराम गंगावणे यांनी २००६ साली घरच्या गोठ्याचंच संग्रहालय केलं. २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. या चित्रांच्या जीर्ण पोथ्या पाण्यात सोडायची जुनी रीत. त्यात काय काय गेलं, कोण जाणे. नांदगावाहून हायवेने येऊन कसालला मालवणच्या मासळीकडे वळणाऱ्यांनी एकदा सरळ कुडाळपलीकडे पिंगुळीला जावं. मासे संध्याकाळीही मिळतात.