अजून भूपच?

गाण्याच्या क्लासबाहेर थांबलेले आईबाबा हा प्रश्न हमखास विचारतात. स्नेहसंमेलन जवळ आलेलं, आणि बाई मात्र मुलीला पाचच स्वरांत घोळवत बसलेल्या! काळजी खोटी नाही. फी दर महिन्याला जातेच.

पण गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर १९२१ मध्ये अल्लादियाखाँसाहेबांकडे शिकू लागल्या, तेव्हा त्या तिशीच्या उंबरठ्यावर होत्या. अब्दुल करीमखाँ, रामकृष्णबुवा वझे यांच्याकडे आधी शिकून झालं होतं. तरी त्या पुन्हा शिष्या झाल्या, आणि १९४६ मध्ये खाँसाहेब जाईपर्यंत शिष्याच राहिल्या. जयपूर घराण्याची ती पेचदार, लांब दमसासाची तान घाईने गळ्यावर चढत नाही. तोच पलटा आज ठाय लयीत, उद्या दुगुनीत, परवा पुन्हा ठाय लयीत घोटताना गळ्याआधी कान तयार होतो. गंधार किंचित उतरला तरी शिकणाऱ्याला स्वतःलाच खुपू लागतं. तिथे गुरूचं अर्धं काम झालं.

अर्थात धीराच्या नावाखाली शिष्याला वर्षानुवर्षं नुसतं ताटकळत ठेवणारे गुरूही असतात. त्यांची बाजू आम्ही घेणार नाही. या अंकात शिकणाऱ्यांबरोबर शिकवणाऱ्यांच्याही रियाजाची झडती घेतली आहे.