पाहुणे, पाहणी आणि भागीदारी

सातासमुद्रापलीकडच्या एखाद्या मदत संस्थेचे प्रतिनिधी आपल्या ‘भागीदार’ संस्थेच्या भेटीला यायचे ठरले की काय घडते, हे ग्रामीण भागात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना नव्याने सांगण्याची गरज नाही. आठ दिवस आधीपासून दप्तर पुरे केले जाते, भिंतींना चुना लागतो, बोलक्या बायांची निवड होते आणि पाहुण्यांची गाडी कामाचे फळ ठळक दिसेल अशाच गावी नेली जाते. दोन तास प्रश्नोत्तरे होतात, छायाचित्रे निघतात आणि अहवालात यश नोंदले जाते.

ब्रिटिश अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या प्रकाराचा उल्लेख ग्रामीण विकासाचे पर्यटन असा केला. पाहुणे पक्क्या रस्त्यालगतची गावे पाहतात, चालू प्रकल्प पाहतात, वजनदार पुरुषांशी बोलतात आणि कोरड्या हंगामात येतात, असे त्यांनी दाखवून दिले. वाटा चिखलाने बंद, घरातील धान्य संपलेले आणि अंथरुणाला कोणी ना कोणी खिळलेले, अशा पावसाळी महिन्यांत गरिबी ज्या रूपात उभी असते, ते रूप त्यांच्या दृष्टीस पडतच नाही.

यात पाहुण्यांच्या सद्‌भावनेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. त्यांच्या संस्थांच्या तिजोरीत सामान्य माणसांची नाणी आणि जुने कपडे विकून आलेला पैसाही असतो. दोष आहे तो नात्याच्या रचनेत. भागीदारी म्हटली की दोघांनाही चोपडी उघडून पाहण्याचा अधिकार असतो. येथे मात्र एकाने फक्त विचारायचे आणि दुसऱ्याने फक्त उत्तरे द्यायची. हे नाते भागीदारांचे नाही. जमीनमालक आणि बटईदाराचे आहे.

असे नाते अपरिहार्य आहे काय? ऑक्सफॅमचाच इतिहास पाहावा. ही संस्था १९४२ साली ऑक्सफर्डमध्ये स्थापन झाली. नाझी फौजांच्या ताब्यातील ग्रीसमध्ये माणसे उपासमारीने मरत होती आणि दोस्त राष्ट्रांच्या नाकेबंदीमुळे तेथे अन्न पोहोचणे दुरापास्त झाले होते. तेव्हा काही नागरिकांनी ऐन युद्धकाळात आपल्याच सरकारकडे, अन्न जाऊ द्या, अशी मागणी केली. म्हणजे या कार्याचा आरंभ परक्याच्या दारातील पाहणीने झाला नाही. स्वतःच्या सरकारला जाब विचारण्याने झाला.

दुसरे उदाहरण आपल्या देशातील, आणि समाजवादी चळवळीच्या जिव्हाळ्याचे आहे. १९६६-६७ च्या बिहारमधील दुष्काळात जयप्रकाश नारायण यांच्या नेतृत्वाखालील बिहार रिलीफ कमिटीने अन्नछत्रे चालवली. ऑक्सफॅमसह अनेक परदेशी संस्थांचा हात या संकटात पुढे आला. परंतु कमिटीचे नेतृत्व या मातीतील माणसांकडे होते. त्याच काळात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन धान्याची जहाजे थोडी थोडी सोडून भारताच्या धोरणावर दबाव आणत होते. मैत्रीचे धान्य कोणते आणि मालकीचे कोणते, याचा भेद तेव्हा भुकेल्या बिहारलाही कळला असेल.

त्यानंतर चार दशकांनी, १२ जानेवारी २०१० रोजी हैतीमध्ये भूकंप झाला. मदतीच्या समन्वयाच्या बैठका संयुक्त राष्ट्रांच्या आवारात, बहुतांशी इंग्रजीत होऊ लागल्या. क्रेओल आणि फ्रेंच बोलणाऱ्या हैतीच्या संस्था स्वतःच्याच देशात दाराबाहेर राहिल्या. ऑक्सफॅमच्या ब्रिटिश शाखेच्या तेथील काही अधिकाऱ्यांच्या लैंगिक गैरवर्तनाची चौकशी २०११ साली अंतर्गत पातळीवर झाली. काही बडतर्फ झाले, काहींनी राजीनामे दिले. परंतु सारा प्रकार जगासमोर आला तो फेब्रुवारी २०१८ मध्ये, वृत्तपत्रांमुळे. प्रश्न विचारण्याचा अधिकार एकाच बाजूला असला की काय घडते, याचा याहून स्पष्ट दाखला कोणता?

मोठ्या संस्थांना आणि देणगीदार सरकारांना याची जाणीव नाही असे नव्हे. मे २०१६ मध्ये इस्तंबूलच्या जागतिक परिषदेत त्यांनी लेखी वचन दिले की, २०२० पर्यंत मदतनिधीचा किमान २५ टक्के भाग शक्य तितक्या थेटपणे स्थानिक संस्थांच्या हाती जाईल. २०२० उलटून गेले. वचन पाळले गेले नाही. भागीदार हा शब्द तेवढा सढळ हाताने वाटला गेला.

मग परदेशी पैशाचे दारच बंद करावे काय? आपल्या सरकारचा कल तिकडे आहे. आणीबाणीत, १९७६ साली जन्मलेला विदेशी अंशदान विनियमन कायदा २०२० मध्ये अधिक कडक झाला. एका संस्थेने मिळालेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देण्यास मनाई झाली आणि आडगावच्या लहान संस्थांचा आधार तुटला. २०२२ च्या आरंभी ऑक्सफॅम इंडियाची परदेशी देणग्यांची नोंदणीही संपुष्टात आली. हे सारे राष्ट्रहितासाठी, असे सांगितले जाते. परंतु याच सरकारने २०१८ च्या वित्त कायद्याद्वारे, परदेशी मालकीच्या कंपन्यांकडून राजकीय पक्षांनी घेतलेल्या देणग्या थेट १९७६ पासून पूर्वलक्षी प्रभावाने कायदेशीर ठरवल्या. पक्षांना क्षमा आणि बालवाडीला बंदी, हे कोणते राष्ट्रहित?

उपाय संशयात नाही, तसा शरणागतीतही नाही. तो लोकांपुढे हिशेब मांडण्यात आहे. १९९४ साली राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने जनसुनवाई सुरू केली. सरकारी कामांची हजेरीपत्रके आणि बिले गावासमोर मोठ्याने वाचली गेली आणि निरक्षर मजुरांनी साहेबांचे लबाड हिशेब पकडले. तीच रीत पाहुण्यांच्या भेटीला लावावी. भेट पावसाळ्यात व्हावी. सभा गावाच्या बोलीत व्हावी. दुभाष्याची गरज पाहुण्यांना लागावी, गावाला नव्हे. प्रकल्पाचा पैसा किती, त्यातला गावात आला किती, वरच्या वर कोठे राहिला, आणि या दौऱ्याचा खर्च किती, हे फळ्यावर लिहिले जावे. आणि परतीची भेटही व्हावी: येथील कार्यकर्त्यांनी तिकडे जाऊन त्यांची दप्तरे पाहावीत आणि त्यांचे सरकार शस्त्रांच्या व्यापारातून व कर्जाच्या व्याजातून जे ओढून नेते, त्याविषयी त्यांनी आवाज उठवला काय, असे विचारावे. १९४२ च्या त्या ऑक्सफर्डकरांना हा प्रश्न गैर वाटला नसता.

पाहुण्यांचे स्वागत करणे हा आपला धर्म आहे. तो सोडण्याचे कारण नाही. मात्र यापुढे हार घालणाऱ्या हातात हिशेबाची वहीही असावी, आणि ती वाचून दाखवण्याचा आग्रह कार्यकर्त्यांनी न संकोचता धरावा.