दुसरी पदवी घेताना

आमच्या शेजारची सून उर्दू घेऊन बी.ए. झालेली. आता दोन मुलं सांभाळून तिला कॉम्प्युटरची पदवी घ्यायची आहे. सासूबाई म्हणाल्या, "एक डिग्री आहे ना, बेटा?" आम्ही म्हटलं, "आपा, इल्मला वय नसतं. विद्यापीठ मात्र पारखून घ्यावं."

रोज जाणं जमलं, तर शिवाजी विद्यापीठाची कॉलेजं आहेत. घरी राहून करायचं, तर इग्नूचा बी.सी.ए.; मुदत ३ ते ६ वर्षं. मद्रास आयआयटीच्या ऑनलाइन बी.एस.ला जेईई लागत नाही, पण गणित पक्कं हवं. दूरशिक्षणात जाहिरातीआधी यूजीसीची मान्यता तपासा.

१९०६ साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात आपल्या मुलांसाठी मुस्लिम बोर्डिंगला आधार दिला. आता आपल्या सुनांना घरचा आधार मिळावा. तिनं इग्नू निवडलं. रात्री मुलं आपा सांभाळणार आहेत.