वाटूरचं पोरगं परदेशी जाईल, पण कोणत्या दारानं?

वाटूर फाट्यावर जालना, परतूर, मंठा या बाजूंच्या गाड्या थांबतात. तिथं उभ्या असलेल्या आमच्या पोरापोरींना जालन्याचं कॉलेज माहीत असतं, पुण्यातली स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका माहीत असते. ज्या मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी १९७८ ते १९९४ आमच्या माणसांनी घरं जळताना पाहिली आणि जीव गमावले, ते विद्यापीठही माहीत असतं. त्यापुढे न्यूयॉर्क, लंडन, बर्लिनलाही वाट जाते, हे मात्र त्यांना कुणी सांगत नाही.

सांगत नाही म्हणावं, तर आता सांगायला सुरुवात झाली आहे. भारतानं २०१७ मध्ये जपानशी तांत्रिक प्रशिक्षणार्थी पाठवण्याचा करार केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार केला. नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर असे १० हजार कुशल कामगार तिकडे पाठवायचं उद्दिष्ट जाहीर झालं. आमचा याला विरोध नाही. कष्टाची लाज आम्हाला कधीच नव्हती. ज्यांनी कष्टाला विटाळ ठरवलं, लाज त्यांनी बाळगावी. पण परदेशाचं दुसरंही एक दार आहे. ते ज्ञानाचं, संशोधनाचं. त्या दाराचं माप काढून बघा.

केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून सुरू आहे. तिच्या १२५ जागांपैकी अनुसूचित जातींसाठी ११५. २०११ च्या जनगणनेनुसार देशात अनुसूचित जातींची लोकसंख्या २० कोटींच्या वर! महाराष्ट्राची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या ७५ विद्यार्थ्यांसाठी. म्हणजे हातांसाठी १० हजारांचं स्वप्न आणि डोक्यांसाठी ७५ जागा. हा योगायोग आहे, असं आम्ही मानत नाही. हातानं राबणारे वेगळे आणि डोक्यानं ठरवणारे वेगळे, ही विभागणी या देशाला फार जुन्या काळापासून पाठ आहे.

मग फुलब्राइट आहे, इरॅस्मस आहे, ते सर्वांसाठी खुलं नाही का, असं विचारलं जातं. कागदावर आहे. भारत-अमेरिका फुलब्राइट करार १९५० चा. पण अशा ठिकाणी निवडीसाठी लागते सफाईदार इंग्रजी, नामवंत प्राध्यापकांची शिफारसपत्रं आणि आधी कुणीतरी जाऊन आलेलं घर. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या ऊसतोड मजुराच्या मुलीनं हे कुठून आणायचं? दार खुलं आहे म्हणणाऱ्यांनी पायऱ्या किती आहेत, हेही सांगावं.

आता बाबासाहेबांकडे या. १९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. महिन्याला साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं. ९ मे १९१६ रोजी त्यांनी तिथं भारतातील जातींची उत्पत्ती आणि विस्तार यावर निबंध वाचला. २०२२ साली केंद्र सरकारनं ओव्हरसीज शिष्यवृत्तीच्या नियमावलीत काय घातलं? भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचं सामाजिक संशोधन, या विषयांना शिष्यवृत्ती नाही. म्हणजे आज तरुण भीमराव हाच विषय घेऊन अर्ज करतील, तर त्यांचा अर्ज बाद होईल! सयाजीरावांच्या संस्थानानं जे शिकू दिलं, ते संविधानावर चालणारं सरकार शिकू देत नाही.

कारण असं दिलं गेलं की भारताचा अभ्यास भारतातच होऊ शकतो. मग ऑक्सफर्ड-हार्वर्डमध्ये भारतावर शोधनिबंध लिहिणाऱ्या श्रीमंतांच्या मुलांना ही अडचण का येत नाही? बंदी विषयावर नाही, ज्याच्याकडे स्वतःचा पैसा नाही त्याच्या तोंडावर आहे. जातीबद्दल जगात बोलायचं तर ते जात न भोगलेल्यांनीच बोलायचं, असा याचा अर्थ होतो.

आणि निवड झाली तरी सुटका नाही. जुलै २०२५ मध्ये ओव्हरसीज शिष्यवृत्तीसाठी निवडलेल्या १०६ जणांपैकी पहिल्यांदा फक्त ४० जणांना पत्रं मिळाली. उरलेल्या ६६ जणांना सांगण्यात आलं, निधी उपलब्ध झाला तर बघू. परदेशी विद्यापीठ कुणासाठी थांबत नाही. व्हिसासाठी पैशाचा पुरावा आधी दाखवावा लागतो. शिष्यवृत्ती संपल्यामुळे १९१७ साली बाबासाहेबांना लंडनचं शिक्षण अर्धवट सोडून परतावं लागलं होतं. १९२० साली शाहू महाराजांच्या मदतीनं, मित्राकडून कर्ज घेऊन ते पुन्हा गेले. शंभर वर्षांनंतरही आमच्या पोरांनी हेच भोगायचं का?

थोडं आपल्या घरातही बोलू. जयंतीला डीजेवर एका रात्रीत जेवढा पैसा उडतो, तेवढ्यात गावातल्या एका मुलीची इंग्रजीच्या परीक्षेची फी आणि पासपोर्ट होतो. विहारात एक संगणक, एक शब्दकोश आणि अर्ज भरून देणारा एक जाणता माणूस असला, तर वाटूरहून कोलंबिया तेवढं लांब नाही. सरकारला जाब विचारायचा आणि आपण हात बांधून बसायचं, हे बाबासाहेबांनी शिकवलेलं नाही.

म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत. विषयबंदीची अट रद्द करा. जागा लोकसंख्येकडे बघून वाढवा. निवडीबरोबरच पैशाची हमी द्या, नंतर नाही. प्रत्येक तालुक्यातल्या शासकीय वसतिगृहात परदेशी शिक्षणाचं मार्गदर्शन आणि भाषेचे वर्ग सुरू करा. आणि सरकारी पैशानं, सरकारी कराराखाली दरवर्षी परदेशी कोण जातं, त्याची प्रवर्गनिहाय यादी जाहीर करा. लपवायचं काही नसेल तर आकडे दाखवायला काय हरकत आहे?

आमचं पोरगं जर्मनीत वायरिंग करेल, तेही मान ताठ ठेवून. पण त्याच्या बहिणीला तिथल्या विद्यापीठात बसून या देशाच्या जातीवर लिहायचं असेल, तर तिला अडवण्याचा अधिकार कुणालाही नाही. शिक्षण हा उपकार नाही, हक्क आहे.

जय भीम!