मुलाखतीला जाताना आंब्याचा हिशोब आठवा

परवा कसालच्या बाजारात शेजारीण भेटली. तिच्या लेकीला पुण्याच्या एका कंपनीतून ‘मार्केटिंग अ‍ॅनालिस्ट’च्या जागेसाठी मुलाखतीचं बोलावणं आलंय. चेहऱ्यावर आनंद कमी, काळजीच जास्त. म्हणाली, “वयनी, मार्केटिंग म्हणजे साबण घेवन दारोदार फिरूचा लागात काय गो?”

मैत्रिणींनो, हा गैरसमज आपल्या बऱ्याच घरांत आहे. अ‍ॅनालिस्टचं काम विकण्याचं नसतं, विक्रीचे आकडे वाचण्याचं असतं. जाहिरातीवर किती पैसा गेला, किती लोकांनी ती पाहिली, त्यातल्या कितींनी वस्तू घेतली, आणि घेतली नाही तर का नाही, हे शोधायचं.

अशा मुलाखती बहुधा दोन-तीन टप्प्यांत होतात. आधी फोनवर ओळख. मग एक्सेलची परीक्षा. त्यात पिव्होट टेबल, आलेख येतातच, काही ठिकाणी एसक्यूएलही विचारतात. शेवटी समोरासमोर किंवा व्हिडिओवर बोलणं, आणि खरी कसोटी तिथेच लागते. ‘विक्री अचानक घटली, तर तुम्ही काय तपासाल?’ असा प्रश्न येतो. ही मुलगी मागच्या मुलाखतीत नेमकी इथेच अडली. पाठ केलेल्या उत्तरांत हे नव्हतं, म्हणून गप्प बसली. पण विचारणाऱ्याला तयार उत्तर नको असतं, तुम्ही विचार कसा करता ते त्याला ऐकायचं असतं.

मी तिला म्हटलं, “अगो, तुमच्या आंब्याचंच बघ. समज, मुंबईच्या जाहिरातीवर दहा हजार खर्चून ४० पेट्या गेल्या. पुण्याच्या जाहिरातीवर सहा हजारांत ३० गेल्या. चांगली कुठली?” क्षणात म्हणाली, “पुण्याची. पेटीमागे २०० रुपये पडले, मुंबईत २५०.” मग स्वतःच थांबून म्हणाली, “पण काकी, पेटीचा दर दोन्हीकडे सारखा होता का? पोचवायचा खर्च? आणि पुढच्या वर्षी परत कोण मागवणार?” झालं! हेच तर मुलाखतीत मोठ्याने बोलायचं असतं. हापूस, काजू, पर्यटकांच्या खोल्या यांचा हिशोब बघत वाढलेल्या आपल्या मुलींना हे नवं नाही. इंग्रजी साधं असलं तरी चालतं, विचार मात्र स्पष्ट हवा.

‘लग्न कधी करणार?’ हा प्रश्नही कुणी विचारतो. १९७६ च्या समान वेतन कायद्याने भरतीत बाई म्हणून भेदभाव करायला मनाई केली. २०१९ च्या वेतन संहितेतही ती आहे. तेव्हा बिचकू नये. “मी हे काम मनापासून करणार आहे, त्याबद्दल विचारा,” असं शांतपणे सांगावं. १९७४ मध्ये टेल्कोच्या जाहिरातीत ‘स्त्रियांनी अर्ज करू नये’ असं वाचून सुधा मूर्ती यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिलं. पुण्यात मुलाखत झाली आणि नोकरी त्यांनाच मिळाली.

दोन गोष्टी आयांसाठी. नोकरी देतो म्हणून कुणी आधी ‘डिपॉझिट’ मागितलं, तर एक रुपयाही देऊ नका, ती फसवणूकच समजा. आणि मुलाखत व्हिडिओवर असेल तर पावसाळ्यात विजेचा भरवसा धरू नका. फोन चार्ज करून ठेवा, रेंज चांगली असेल तिथे मुलीला बसवा आणि तो तासभर घरातलं काम तिला सांगू नका.

शेजारणीची लेक आता पुण्याला निघालीय. निवड होईल न होईल, पण यावेळी ती गप्प बसणार नाही. तुमच्या घरातली लेक तयारी करत असेल, तर आज रात्री जेवताना तिला एवढंच विचारा, “यंदा आपल्या पेट्या कमी का गेल्या गो?” आणि ती बोलेल ते मधे न बोलता ऐका.