मिरवणूक जेत्याची, खूण जिताची

रोमन कलेचा विषय निघाला की आपण चार घोड्यांचा रथ, लॉरेलच्या पानांचा मुकुट आणि पंखधारी विजयदेवता यांची नावे घेतो आणि थांबतो. सत्तेची प्रतीके म्हणून ती पाठ होतात, उत्तरपत्रिकेतही उतरतात. परंतु ही प्रतीके एकटी काहीच बोलत नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे. विजय दाखवायचा तर पराभवही दाखवावाच लागतो, आणि तेथेच सत्तेचा डाव उलटतो.

रोममधील टायटसची कमान पाहा. इ. स. ७० मध्ये टायटसच्या सैन्याने जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले. ७१ मध्ये रोममध्ये विजयाची मिरवणूक निघाली. टायटस ८१ मध्ये वारल्यानंतर उभारलेल्या या कमानीच्या आत दोन शिल्पपट समोरासमोर आहेत. एकात रथारूढ टायटस आणि त्याच्या मस्तकावर मुकुट धरणारी देवता. असा रथ आणि अशी देवता कोणत्याही रोमन विजेत्याला चालली असती. दुसऱ्या पटात मंदिराची लूट वाहून नेणारी माणसे आहेत आणि त्यांच्या खांद्यांवर सात शाखांचा मोठा दीप आहे. नजर खिळते ती या दीपावर. १९४९ मध्ये इस्राएलने आपल्या राजचिन्हात घेतलेल्या दीपाचा आकार याच कमानीवरचा! जेत्याच्या दगडाने जिताची खूण जपली.

पंधराव्या शतकाच्या अखेरीस मांतुआच्या दरबारी चित्रकार आंद्रेआ मांतेन्या याने सीझरच्या विजययात्रेची नऊ भव्य चित्रे रंगविली. त्यांत सीझर येतो अगदी शेवटच्या चित्रात. तोवर लुटीची भांडी, चिलखते, हत्ती आणि मुलाबाळांसह चालणारे बंदिवान आपल्यासमोरून जातात. इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्स राजाने ही चित्रे विकत घेतली. १६४९ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला, संग्रह विक्रीस निघाला. पण क्रॉमवेलने ही चित्रे मात्र राखून ठेवली. राजाला संपविणाऱ्यांनाही विजयाचा मोह सुटला नाही!

कोणी म्हणेल, ही सारी राजाश्रयाची भाटगिरी. मान्य. ७१ च्या त्या मिरवणुकीच्या अखेरीस ज्यूंचा नेता सिमोन बार गियोरा याला ठार मारण्यात आले. कमानीतल्या त्या दोन भव्य पटांत ते मरण कोठे आहे? लूट कोरली, वध वगळला. म्हणूनच अशी कला पाहताना मुकुट कोणाच्या डोक्यावर आहे हे विचारून भागत नाही. खांद्यावरचे ओझे कोणाच्या घरचे, आणि चित्रात कोण येऊ दिलेले नाही, हेही आपण विचारले पाहिजे. कलेच्या अभ्यासाला खरी सुरुवात तेथून होते.